दुसरा कागद

आप्पा, तुम्ही निपाणीच्या बाजारातून आणलेल्या दोन कागदांपैकी एक परवापर्यंत माझ्याकडे होता. कोरा. शाळेत बक्षीस मिळालेल्या एका जाड पुस्तकात मी तो ठेवला होता, त्यामुळे त्याला घडीसुद्धा पडली नव्हती. तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. त्यातले बरेच दिवस मी तो कागद काढून बघत होते आणि परत ठेवत होते.

तुमच्याविषयी इतर लोक लिहितील. वखारीत तंबाखू तोलणारा माणूस, चाळिशी उलटल्यावर बाळबोध अक्षरं शिकला आणि मग वखारीतल्या मुलांसाठी वर्ग काढून बसला, हे सगळं त्यात येईल. ते खरंच आहे. पण ते लिहिताना माझा हात अडखळणार नाही, म्हणून ते माझ्यासाठी नव्हे. मला कागदाचं लिहायचं आहे.

मी बेळगावहून मॅट्रिक होऊन घरी आले तेव्हा या गावात मला कुणी ओळखत नव्हतं. टिळकवाडीत मावशीकडे राहून, कॅम्पातल्या कॉन्व्हेंटात शिकून आलेली डॉक्टरांची मुलगी, एवढंच. दवाखाना आमच्या घराच्या पुढच्या खोलीत. मी मधल्या दारात बसून वाचत असे. तुम्ही वखारीतल्या गंगीला घेऊन आलात. तंबाखूच्या भुकटीनं तिचे डोळे सुजून बंद झाले होते. बाबा तिच्या डोळ्यांत औषध घालत होते आणि तुमचं लक्ष माझ्या पुस्तकाकडे होतं.

"ताईसाहेब, तुमास्नी इंग्रजी येतं व्हय?"

मी मान हलवली.

"म्हंजी येतं का न्हाय? बैल मान हलवतो तवा मला वाटतं माशी बसली आसंल."

डोळे मिटलेली गंगी खुदकन हसली. बाबाही हसले. मला रडू येईल असं वाटलं, पण मी म्हणाले, "येतं."

"मग मानंनं नगं सांगू. तोंडानं सांगायचं."

पुढची तीन वर्षं हेच चाललं. मी मान हलवायची, तुम्ही "माशी बसली" म्हणायचं, पोरं हसायची, आणि मग मी बोलायची. कॉन्व्हेंटात गप्प बसणाऱ्या मुलीला चांगली मुलगी म्हणत. माझ्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी तेच लिहिलेलं असे. माझ्या गप्प बसण्याला तुम्ही कधी चांगलं म्हटलं नाही. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले, आणि आता ज्या गोष्टीच्या शेजारी ते मानावे लागत आहेत, तिथे ते शोभत नाहीत.

तुमचा 'हातभार वर्ग' वखारीमागच्या पत्र्याच्या शेडात, रविवारी दुपारी भरायचा. सहा दिवस तंबाखू चाळणारी, आठापासून पंधरा वर्षांपर्यंतची मुलं. तुम्ही मला तिथे शिकवायला बोलावलंत, आणि पहिल्या दिवशी शेडात पाऊल टाकताच मला शिंकांवर शिंका आल्या. तुम्ही म्हणालात, "लागली हजेरी. इथं शिंकल्याबिगर हजेरी लागत न्हाय." आधी वाचन, मग हिशेब, आणि शेवटी गल्लीची फेरी. फेरीत जे मोडकं, तुंबलेलं, अंधारं दिसेल ते पाटीवर लिहायचं आणि त्यासाठी अर्ज करायचा. पण तुमचा नियम होता: ज्यानं हात लावला त्यानंच अर्ज करायचा. दिवा नाही म्हणून तक्रार करायची असेल तर आधी त्या खांबाखालचा उकिरडा उचलायचा. आणि अर्जाखाली प्रत्येकाचं नाव, नावापुढं त्यानं केलेलं काम.

तुमच्याशी मी एकदाच वाद घातला, तो या नियमावरून. शाळेत नागरिकशास्त्राचं पुस्तक मी पाठ केलं होतं. मी म्हणाले, "आमच्या घरापुढचं गटार दगडी आहे. त्यातला गाळ आम्ही कधी काढला? अर्जही केला नाही. मग या मुलांनीच आधी घाण का उपसायची?"

तुम्ही बराच वेळ सुपारी कातरत बसलात. मग म्हणालात, "तुमचं खरं हाय, ताई. ह्यात अन्याव हाय."

"मग?"

"ही पोरं ह्या गल्लीला आपली गल्ली म्हणत न्हाईत. वखारवाल्याची गल्ली म्हंत्यात. हात लावल्याबिगर आपलं वाटत न्हाय."

"आपलं वाटावं म्हणून घाणीत उतरायचं?"

"ह्येचं उत्तर मला अजून गावल्यालं न्हाय. गावलं की सांगतो."

तुम्ही सांगितलं नाहीत. मला अजूनही वाटतं की त्या दिवशी माझं बरोबर होतं. पण ज्या मुलीनं पुढे जे केलं, तिला बरोबर असण्याचा उपयोग काय, हेही वाटतं.

आडाजवळच्या गटाराचं प्रकरण तुमच्या वर्गाच्याही आधीचं. गल्लीचं सगळं सांडपाणी मातीच्या गटारातून आडाच्या अगदी कडेनं जायचं आणि मुरायचं. दर वर्षी गल्लीत तापाची माणसं. बाबा सांगत, पाणी उकळून प्या. तुम्ही एकदा त्यांना म्हणालात, "डाक्टरसाहेब, चूल पेटवाय जळण न्हाय, पाणी कशावर उकळायचं?" गटार दगडानं बांधून काढावं आणि आडाला कठडा घालावा, म्हणून गावच्या कमिटीला तुम्ही मराठीत तीनदा अर्ज दिला. उत्तर आलं नाही. शेवटी तुम्ही ठरवलं, वर जायचं. प्रांतसाहेबाला. इंग्रजीत.

"आता आपल्याजवळ ताई हाय," तुम्ही मुलांना सांगितलंत. तेव्हा मी किती फुलले होते, हे तुम्हाला दिसलं असेल.

त्या रविवारी नावं घ्यायची होती. लढाईमुळे कागद मिळत नव्हता. तुम्ही निपाणीपर्यंत चालत जाऊन फुलस्केपचे दोन जाड कागद आणले होते, धोतराच्या फडक्यात गुंडाळून. एक मजकुरासाठी, एक नावांसाठी. मी आधी कच्च्या वहीत मराठीत लिहून घेत होते. नावं वयानं नाही, जातीनं नाही, घरांच्या ओळीनं घ्यायची असं तुम्ही ठरवलं होतं. वखारीकडून सुरुवात, आडापाशी शेवट.

"नाव?"

"गंगी."

"पुरं सांग गं."

"पुरं आजवर कुणी इचारलंच न्हाय. वखारीत गंगीच म्हंत्यात." मग तिनं आठवून सांगितलं, "गंगा सिद्धाप्पा. आडाच्या कडंचा गाळ काढला. तीन रविवार."

मी 'चिखल' लिहिला. ती वहीत डोकावून एक एक अक्षर लावत होती. म्हणाली, "चिखल शेतात असतोय, ताई. ह्यो गाळ." मी खोडून गाळ लिहिला.

दत्तू पुढे आला. "मीबी गाळ काढला."

"खोटं बोलतंय आप्पा ह्ये," गंगी म्हणाली. "काठावर बसून नुसत्या हाका मारत हुतं."

"हाका मारल्या म्हणून तर साप कळला न्हवं तुला? न्हाईतर चावलाच आसता."

"चावला असता तर बरं, तुझं त्वांड तरी बघाय लागलं नसतं."

सगळे हसले. तुम्ही मात्र हसला नाहीत. मला म्हणालात, "लिवा ताई. दत्तू. हाका मारल्या, साप दावला. खरं लिव्हायचं."

मुलं गेल्यावर तुम्ही मला सांगितलंत की वखारीच्या हजेरीत या पोरांची नावं नसतात. आईच्या नावाखाली 'आणि एक', 'आणि दोन' असं लिहितात. "एकदा तरी ह्येंचं नाव सरकारात पोचू दे. गटार हुईल न्हाईतर न्हाय. नाव पोचू दे." तुमचे शब्द असेच्या असे लिहीत आहे. मला ते त्या दिवशीही नीट समजले होते. समजलं नाही, अशी सबब मला नाही.

घरी टेबलाशी बसून मी मजकूर लिहिला. एका कागदावर नेमका बसला. शाळेत सिस्टरनी शिकवल्याप्रमाणे समास सोडला, अक्षर तिरकं आणि एकसारखं काढलं. मग नावांचा कागद पुढे घेतला आणि आधी पाटीवर करून बघितलं. दत्तू, वय दहा, याने हाका मारल्या व साप दाखवला. ते इंग्रजीत उतरल्यावर मी वाचलं आणि माझे कान तापले. मोठ्या कचेरीत, मोठ्या टेबलावर, साहेब हे वाचणार. हसणार. दत्तूला नव्हे, दत्तू त्याला माहीतही नाही. तो हसणार हे पत्र लिहिणाऱ्याला. इंग्रजी येतं आणि अर्ज कसा असतो ते येत नाही, म्हणणार. शाळेत मी एकदा मोठ्यानं चुकीचं वाचलं होतं, तेव्हा सगळा वर्ग हसला होता. ते हसू मला त्या टेबलापाशी ऐकू आलं. मी पाटी पुसली आणि दुसरा कागद पुस्तकात ठेवला.

एवढंच कारण होतं, आप्पा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाचा दबाव नव्हता. मला लाज वाटली.

सही करायला तुम्ही आमच्या पडवीत आलात. हात धुऊन, पुसून, तुम्ही तुमची लांबलचक बाळबोध सही केलीत. मग कागद उलटून बघितलात.

"नावं मागल्या अंगाला न्हाईत?"

मी दौतीला बूच लावत होते.

"दुसऱ्या कागदावर हाईत व्हय?"

मी मान हलवली.

माशी बसली, असं तुम्ही म्हणाल म्हणून मी वाट बघत होते. तुम्ही म्हणाला असतात तर मला बोलावं लागलं असतं. पण तुम्ही खूष होतात. पहिल्यांदाच मला ताई न म्हणता म्हणालात, "पोरी, लई मोठं काम केलंस." आणि गेलात. पाकीट मी चिकटवलं.

उत्तर दीड महिन्यानं आलं. तुम्ही ते न फोडता शेडात आणलंत, सगळ्या मुलांसमोर माझ्या हातात दिलंत. मी मनात वाचलं. साहेबांनी सभ्य भाषेत कळवलं होतं की एकट्या माणसाच्या अर्जावरून कचेरीला गावच्या कमिटीस काही सांगता येत नाही. मात्र गल्लीतल्या रहिवाशांच्या नावांची यादी जोडून अर्ज पुन्हा केला, तर त्याचा जरूर विचार होईल.

मी ते दोनदा वाचलं. तेवीस तोंडं माझ्याकडे बघत होती.

"काय म्हंतोय सायेब?" तुम्ही विचारलंत.

"पैसे नाहीत म्हणतात," मी म्हणाले. "पुढच्या साली बघू म्हणतात." हे मात्र मी तोंडानं सांगितलं. तुम्हीच शिकवलेलं.

गंगी कागदाकडे बघत होती. "इंग्रजीत एवढं मोठं आन् मराठीत एवढंसंच?"

"इंग्रजीत असंच असतं," मी म्हणाले.

तुमचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. तो पडला नाही, आणि ते जास्त वाईट झालं. "सायबानं उत्तर तर धाडलं," तुम्ही म्हणालात. "कमिटीनं तेबी केलं न्हाय. त्येनं नावं वाचली आसतील न्हवं, ताई?" मी परत मान हलवली. तुम्ही ते पत्र घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलंत. पुढे कितीतरी दिवस तुम्ही ते लोकांना काढून दाखवत होतात. चहाच्या दुकानात, वखारीच्या काट्यापाशी. ज्या पत्रात तुमच्या मुलांची नावं पोचली नाहीत असं लिहिलं होतं, ते पत्र तुम्ही नावं पोचल्याची पावती म्हणून खिशात बाळगत होतात, आणि गावात हे एकट्या मला माहीत होतं.

"पैसं न्हाईत तर न्हाईत. आपुनच खांदू," तुम्ही ठरवलंत. आडापासून लांब, शेताच्या बाजूनं एक चर काढायचा आणि सांडपाणी तिकडे वळवायचं. चैत्राचं ऊन. वखारीत काम कमी होतं म्हणून मुलं रोज यायची. तुम्ही गुडघाभर गाळात, धोतर खोचून, कुदळ घेऊन सगळ्यांच्या पुढे. मी काठावर छत्री धरून उभी असायची. मुलांना पाणी द्यायची, तेही घरून आणलेलं, उकळलेलं. तुम्ही ते पीत नव्हतात. तुम्ही आडाचंच प्यायचात. म्हणायचात, "गल्ली पिती त्ये मी पितो."

"ताई, चपला काढा, या खाली," रोज म्हणायचात.

"उद्या येते," मी रोज म्हणायची.

आठ दिवस मी उद्या येते म्हणाले. नवव्या दिवशी तुम्ही आला नाहीत.

बाबांनी विषमज्वर सांगितला. बाबांबरोबर मी चार वेळा तुमच्या घरी आले. एकदा बाबा बाहेर तुमच्या बहिणीशी बोलत उभे होते आणि खोलीत आपण दोघंच होतो. तुमचे ओठ सुकून फुटले होते. तुम्ही म्हणालात, "पुढल्या साली पैसं आलं की परत अर्ज टाकू. नावं तीच ऱ्हातील. कामं तेवढी वाढवून लिव्हायची." मी तोंड उघडलं. तेवढ्यात बाबा आत आले. बाबा आले म्हणून राहून गेलं, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत होते. पण बाबा आले नसते तरी मी बोलले असते, असं मला वाटत नाही. मी पाणी हवंय का, एवढंच विचारलं असतं.

तुम्ही गेल्यावर बाबा मला म्हणाले, "हा ताप कुठूनही येतो गं. चर खणला नसता तरी आला असता. ते पाणी सगळेच पितात." त्यांना काही माहीत नव्हतं, तरी त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी ओळखलं असावं. त्यांचं शास्त्र बरोबर असेल. पण ज्या महिन्यात गटाराचे दगड येऊन पडायला हवे होते, त्या महिन्यात तुम्ही त्यात उतरला होतात. तुमचा ताप कुठून आला ते मला माहीत नाही. तुम्ही तिथे कुणामुळे उतरलात ते माहीत आहे.

दहाव्यानंतरच्या रविवारी शेडात सगळी मुलं आली होती. शिकायला नव्हे, असंच. गंगीनं ओच्यातून एक घडी काढली. साहेबांचं पत्र. तुमच्या बहिणीनं सदरा धुवायला काढताना तिला दिलं होतं. घामानं कडा मऊ झाल्या होत्या.

"ताई, ह्ये परत वाचा," ती म्हणाली. "समदं."

तिनं माझ्यासाठी दार उघडून दिलं की मला पकडलं, ते मला कळलं नाही. अजूनही कळत नाही. परत एकदा पैसे नाहीत म्हणणं सोपं होतं. मी पत्र उघडलं आणि ओळीमागून ओळ मराठीत सांगितली. मग नावांचा कागद जोडलाच नव्हता हेही सांगितलं. का जोडला नव्हता तेही सांगितलं. दत्तूच्या हाकांचंही सांगितलं.

मग दत्तू म्हणाला, "म्हंजी माझी हाक सायबाला कळलीच न्हाय?"

"नाही."

"मग आमी खांदलो कशापायी?" गंगी म्हणाली. "आप्पा त्या चरात..." आणि ती थांबली. वाक्य पुरं केलं नाही. तिनं ते पुरं केलं असतं तर बरं झालं असतं, म्हणजे मला ते रोज पुरं करावं लागलं नसतं.

मी उठून जाणार होते. तिनं विचारलं, "कागद हाय अजून?"

"आहे."

"मग लिवा की आता. आप्पा गेलं, गटार हाय तितंच हाय."

"लिहिते. आज संध्याकाळीच लिहिते."

"तुमचं नाव घालणार न्हाईसा?"

"मी कुठे काम केलंय?" मी म्हणाले. नियम तिलाही पाठ होता आणि मलाही.

तुम्ही पडून होतात तेवढ्यात चराच्या कडा ढासळून तो अर्धा बुजला होता. सोमवारी सकाळी मी चपला काठावर काढल्या आणि उतरले. गाळ इतका थंड असतो हे मला माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी माझ्या हाताला फोड आले आणि कुदळ दोनदा माझ्याच पायाशेजारी पडली. गंगी म्हणाली, "ताई, गाळावर तिरकं अक्षर काढू नगा, सरळ हाणा." दुपारी वखारीतून परतणाऱ्या दोन बायका थांबल्या.

"डाक्टरांची लेक न्हवं का गं ही?"

"व्हय. नवस फेडतीया जणू."

मी चार दिवस काढले. त्यानं काही फिटलं असं मी म्हणणार नाही. तुम्हाला न सापडलेलं उत्तरही मला तिथे सापडलं नाही. उलट त्या गाळात उभी असताना वाटत होतं की हे या मुलांनी करायचं काम नव्हेच, आणि माझा वाद मी तुमच्याशी पुन्हा घातला असता. एवढं मात्र झालं की चौथ्या दिवशी घरी गेल्यावर मी आईला म्हणाले, आमच्या गल्लीचा चर. मग माझ्या लक्षात आलं की मी काय म्हणाले.

परवा आम्ही नावं लिहिली. तोच कागद. तीच ओळ, वखारीकडून आडाकडे. तुमचं घर आलं तेव्हा मी थांबले.

"मेलेल्या माणसाचं नाव अर्जात चालतंय व्हय?" दत्तूनं विचारलं.

"काम जित्तेपणी केलंय न्हवं?" गंगी म्हणाली. "लिवा."

म्हणून तुमचं नाव तुमच्या घराच्या जागी आहे, दत्तूच्या नावाखाली. आधी गाळ, मग चर, असं तुमचं काम लिहिलं आहे. दत्तूपुढे हाका मारल्या व साप दाखवला, असंच आहे. मला ते आता हसण्यासारखं वाटत नाही. त्या ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला.

माझं घर त्या गल्लीत नाही, म्हणून माझं नाव शेवटी आलं. मी 'गाळ काढला, चार दिवस' लिहायला टाक उचलला.

"त्येच्या आदी दुसरं लिवा," गंगी म्हणाली. "नावांचा कागद दडवला. खरं लिव्हायचं."

कुणी हसलं नाही. मी लिहिलं. नावांचा कागद हिने पूर्वी दडवला. गाळ काढला, चार दिवस.

त्यानंतर गंगीनं तो कागद आणि बाबांच्या दवाखान्यातल्या कागदावर मी नव्यानं लिहिलेला मजकूर, दोन्ही हातात घेतले आणि म्हणाली की पोस्टमास्तरांना इंग्रजी येतं, त्यांच्याकडून वाचून घेऊ, मग टाकू. माझ्याकडे न बघता म्हणाली. मला राग आला नाही, आप्पा. तुमच्या वर्गात तीन वर्षं बसलेल्या मुलीनं हेच करायला हवं होतं, आणि ते तिनं माझ्याबाबतीत केलं.

पोस्टाच्या खिडकीबाहेर आम्ही सगळे उभे राहिलो. म्हातारे पोस्टमास्तर एकेक ओळ इंग्रजीत वाचून मराठीत सांगत होते. ज्याचं नाव येई तो जरासा पुढे सरके. गंगा सिद्धाप्पा आलं तेव्हा गंगी खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली. तुमचं नाव आलं तेव्हा त्यांनी टोपी सारखी केली. शेवटच्या ओळीवर येऊन ते थांबले. परत वाचली. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"बाळ, ही ओळ सरकारी अर्जात कुणी लिहीत नसतं. खोडून देऊ का? एवढीच काढली तर बाकी अर्ज उत्तम आहे."

सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. माझी मान हलायला लागली होती, आप्पा, कुठल्या बाजूला ते मलाच ठाऊक नव्हतं. ती मी थांबवली.

"नको," मी म्हणाले. "राहू द्या."

त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी कानाशी हात नेला.

मी परत सांगितलं, मोठ्यानं.